सातवा नमुना

रात्री अडीच वाजता आम्ही रस्त्याचा घास घेतो.
कोअर कटर, पाण्याचे दोन कॅन, एक लाल झेंडा
आणि झेंड्याला टेकून जांभया देणारा इम्तियाज.
पुलाच्या उतारावर यंत्र गुरगुरतं,
मग रस्ता बाहेर निघतो
उसाच्या पेरासारखा, गोल, ओला, काळाभोर.

पहिले सहा नमुने चोख.
खडी, डांबर, आणि खडीच्या अंगावर
जे वितळून बसलंय ते दिसत नाही.
दिसू नयेच. पद्धत अशी:
खडी एकशे सत्तरपर्यंत तापवायची,
त्यात कातरलेलं प्लास्टिक सोडायचं,
अर्ध्या मिनिटात ते खडीला माखतं,
भाकरीवर तुपाचं बोट फिरावं तसं.
मग डांबर.

सातव्यात मात्र निळा तुकडा.
नखाएवढा. न वितळलेला.
मी टॉर्च दातांत धरून लिहिलं:
मिश्रण नीट तापलेलं नाही.

मंगळवारी द्रुपदा साळवे बिलासाठी आली.
गोवंडीच्या शेडमध्ये बावीस बायका तिच्या हाताखाली.
ती प्लास्टिक कानाने निवडते.
मुठीत चुरगाळायचं, कानाशी न्यायचं:
कुरकुरलं, ते दुसऱ्या गोणीत.
गप्प बसलं, ते दुधाचं, तेलाचं. ते रस्त्याला.
आणि रबरासारखं लोंबतं त्याला हात लावायचा नाही,
"तापलं की डोळे जाळतं ते,"
हे ती म्हणाली होती
आमचं परिपत्रक निघायच्या दोन वर्षं आधी.

सातवा नमुना माझ्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला.
"मिठाचं पाकीट हे. अर्ध्याचं नाय, किलोचं."
कशावरून?
"निळ्यात पण निळं असतं, साहेब."

मग म्हणाली, बाकीच्यात आमचं नाय दिसत?
नाही. नाही दिसलं म्हणजे काम चांगलं.
तिनं मान हलवली,
डाळीचा भाव ऐकून हलवतात तशी.

"एकदा चालून बघायचाय."

त्या पुलावर पायी जायला मनाई आहे.
पाटी आहे, तांबड्या गोलात आडवा काट मारलेला माणूस.
मी बोललो नाही, सहीला वेळ लावला,
शिक्का शाईत दोनदा बुडवला.
तिनंच ओळखलं असावं.
"बरं. गाडी गेल्यावर वाजतो कसा?"

मला सांगता येईना.
नऊ वर्षं मी रस्ते कापतोय,
घनता मोजली, पोकळी मोजली,
पाण्यात बुडवून वजनं केली.
कान कधी लावला नाही.

ठेकेदाराचा फोन दोनदा येऊन गेला:
सात नंबर बदलून टाका, बाजूलाच दुसरा काढा.
शेरा तसाच आहे.
काल रात्री भोक बुजवायला गेलो,
मिश्रण स्वतः मोजलं, एकशे अडुसष्ट,
ठोकून बसवलं, निवू दिलं,
आणि शेजारी आडवा झालो.
इम्तियाजनं झेंडा उंच धरला, एका हाताने कपाळ बडवत.

डांबरात अजून दिवसाची ऊब होती.
पलीकडच्या लेनमधून दुधाचा टेम्पो गेला,
रिकामे क्रेट खडखडले, लांबवर खडखडत राहिले.
कानाखाली रस्ता
गप्प बसला.
ते दुधाचं, तेलाचं.
ते रस्त्याला.