मधली सतरा वर्षं

खिडकी क्रमांक दोन, ठाणे.
काचेखालच्या अर्धगोलातून हात बाहेर काढत
जूनभर मी एकच वाक्य म्हणते :
गॅप आहे? मग प्रतिज्ञापत्र लागेल.

प्रल्हाद चोरगे, वय छत्तीस, राहणार कळवा,
मूळ पोलादपूरकडचे.
बारावीची गुणपत्रिका घडीवर विरलेली,
सोबत सैन्याचं डिस्चार्ज बुक.
मी बोटांवर मोजलं. सतरा वर्षं गॅप.
'येस मॅडम' म्हणाले आणि कोर्टनाक्याला चालत गेले.

दुपारी कागद आला. टायपिस्टचा नेहमीचा मजकूर :
'सदर कालावधीत मी कोणतेही शिक्षण घेतलेले नाही.'
खाली सही, पट्टीवर आखल्यासारखी.
मी वाईट बाई नाही.
मी शिक्का मारला.

वर्गातलं मला इफ्फतकडून कळतं.
राबोडीची पोरगी, फी दोन हप्त्यांत भरते,
तिसरा हप्ता म्हणून बातम्या देते.
तन्वेशने पहिल्याच आठवड्यात विचारलं, काका, किती मारले?
चोरगे म्हणाले, मी खेचरं सांभाळायचो.
वर्ग हसला.
तेही हसले, जरा उशिरा.

दिवाळीआधी कुणीतरी व्हरांड्यात सुतळी बॉम्ब लावला.
सगळ्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं.
ते समास आखत होते.
आणि एका भर दुपारी, फाटकाबाहेर
कुल्फीवाल्याची घंटा वाजली,
तर वही उघडी टाकून उठून गेले.
इफ्फत मागोमाग गेली. काही विचारलं नाही म्हणाली,
नुसती पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले.
मग तेच बोलले : सहा नंबरच्या गळ्यात अशीच होती.
रॉकेलच्या डब्यांसकट गेलं. घंटा मात्र
बराच वेळ
खालून ऐकू येत होती.

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात
नकाशावरच्या समोच्च रेषा जिथे दाटतात
तिथे बोट ठेवून म्हणाले, सर, इथे खेचर अडतं.
सरांनी नकाशा स्वतःकडे वळवून घेतला.
त्या दिवशी तास वीस मिनिटं जास्त चालला.

जानेवारीत गैरहजेरीच्या यादीत नाव.
रात्री माजिवड्याच्या टॉवरखाली पहारा, सकाळी सातला वर्ग,
हेही इफ्फतकडूनच.
त्यांच्या अर्जावर, कारणाच्या रकान्यात :
'कारण नाही. चूक माझी.'

मी कागद परत सरकवला.
चोरगे, कारण लिहा.
द्यायचं नसतं, मॅडम.
तिथे नसेल. इथे असतं. इथे कारण दिलं नाही
तर माणूस वर्षातून वजा होतो.
ते उभेच.
बसा म्हटल्याशिवाय त्यांना बसता येत नाही,
हे कळायला मला सहा महिने लागले.
बसा, म्हटलं. आत या, इथे खुर्ची आहे.
'रात्रपाळी' एवढा एक शब्द लिहायला
त्यांना माझा अख्खा चहा लागला.

काचेवर प्रतिज्ञापत्राचा नमुना चिकटवलेला असतो.
'कोणतेही शिक्षण' या शब्दांवर
मी पेन्सिलीने रेघ मारली.
घरत साहेबांनी खोडरबर आणून पुसली.
मजकूर वरून आलाय बाई, आपण कोण?
आपण कोण, तेही खरंच.
पण पेन्सिल मी दाबून चालवली होती,
काच उन्हात तापली की चर दिसतो.

निकाल लागला. इंग्रजी राहिलं, बाकी सुटले.
परवा खिडकीशी आले, दुसऱ्या वर्षाचा अर्ज,
तारीख उलटून दोन दिवस.
मी काही विचारायच्या आत,
मान किंचित खाली घालून, घाईघाईने, नवशिक्यासारखं :
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मॅडम.
कळव्याच्या दवाखान्यात. दोन दिवस तिथेच होतो.
तिला थेंब घालायचे असतात, दर चार तासांनी, म्हणून...

किती वेळ बोलत होते.
मागे रांग चुळबुळत होती.
मी थांबवलं नाही.

विलंब शुल्क मात्र घेतलं.
पावती दिली.