थर क्रमांक तीन

चांदोरीच्या खालच्या अंगाला गोदावरी वळते,
वळताना काठ कुरतडते.
तिथली नऊ मीटरची उभी दरड
आम्ही आठ दिवस टेप लावून मोजतोय.

वर काळी माती, तिच्यातून लोंबणारी द्राक्षांची मुळं.
मग पिवळा गाळ, चुनखडीचे खडे.
त्याखाली वाळू, तिरप्या रेघांची,
मग गोटे,
आणि पाण्याला टेकलेला काळा कातळ,
ज्याला कशाशीच देणंघेणं नाही.

पुंजाराम गांगुर्डे शिडी धरतात.
वय विचारलं तर म्हणतात,
गंगापूरचं धरण भरलं तेव्हा मी चड्डीत होतो.

वाळूत स्टीलचा पाइप ठोकायचा,
तोंडं काळ्या कापडानं बांधायची,
उजेड लागू द्यायचा नाही.
"का?"
कणाला आठवतं, मी सांगते,
शेवटचं ऊन कधी पाहिलं ते.
लाल दिव्याच्या खोलीत नेऊन विचारायचं.
ते हसत नाहीत. पाइप उपरण्यात गुंडाळतात,
बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणावं तसा.

मग दरडीचा वरचा हातभर त्यांनीच मला वाचून दाखवला.
ही चार बोटं म्हणजे एकोणसत्तरचा पूर.
कशावरून?
नखानं उकरलं: निळ्या स्लिपरचा पट्टा.
"त्याआधी आमच्यात रबरी चप्पल होती कुणाच्या पायात?"
हा त्यावरचा अलीकडचा. गुटख्याच्या पुड्या मोजा.
मी वहीत उतरवलं.
गोगलगायींच्या शंखांवरून मी हेच करते,
फक्त जरा जास्त शून्यं लावून.

दहाव्या दिवशी, थर तीनमध्ये, दात.
पाणघोड्याचा. मुठीएवढा, कोऱ्या चहाच्या रंगाचा.

दोन महिन्यांनी आकडे आले आणि जमेनात.
वाळू म्हणते, बावीस हजार वर्षं.
दात म्हणतो, मी दुप्पट.
सर म्हणाले, दुसरा नमुना घ्या.
घेतला. वाळूनं जबाब बदलला नाही.

दात पुन्हा भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं,
कडा झिजलेल्या, गुळगुळीत.
वरच्या अंगाच्या कुठल्यातरी जुन्या काठातून सुटलेला,
गोट्यांबरोबर गडगडत आलेला.
मेला एका काळात, पुरला गेला दुसऱ्यात.

पुंजारामांना फोन केला.
मागे फवारणीच्या पंपाची घरघर.
"त्यात काय एवढं," म्हणाले.
"घर पाण्यात गेलं तेव्हा आई दोनच वस्तू घेऊन निघाली,
जातं आणि मी.
जात्याची खालची तळी इथं ओट्यात बसवलीय.
उद्या कुणी खणलं तर म्हणेल, इथलीच."

नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहायचं असतं
ठिकाण, थर, खोली, तारीख.
कुठून आला, असा रकाना छापलेला नाही.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, पाहुणा.
सरांनी खोडलं, वर लिहिलं, पुनर्निक्षेपित.
बरोबर आहे ते.
चिठ्ठी दिव्याखाली तिरकी धरली
तर खोडलेला शब्द अजून वाचता येतो.