रकाना: कोणाबरोबर

दिवसाचे एकशे चव्वेचाळीस चौकोन,
प्रत्येक दहा मिनिटांचा.
काय केलंत? कुठे? कोणाबरोबर?
आणि कडेला, शून्य ते दहा, बरं किती वाटलं.
अशा वह्या वाटत मी नोव्हेंबरभर वूच शहरात फिरले,
जिथे गिरण्यांची आता दुकानं झालीत
आणि जिने मात्र अजून कामगारांचेच,
अरुंद, मधोमध झिजलेले.

नाव सांगता येत नाही. चारशे सतरा म्हणू.
वय अठ्ठ्याहत्तर. मागांच्या खडखडाटात एक कान गेलेला.
'कोणाबरोबर'च्या रकान्यात
वरपासून खालपर्यंत एकच शब्द, एकटा,
कापडाला किनार घालावी इतका सुबक.
फक्त सकाळी सहा पन्नासला: कबुतर.
कबुतराला आमच्या यादीत क्रमांक नाही.
पाळीव नाही, नातलग नाही.
डॉ. बोगुमिला म्हणाल्या, नव्याण्णव टाक. इतर.
टाकला.

मग दुपारी चार दहा:
'कांदा परतायला टाकला.
चांगला कान दाराकडे करून बसलो.'
कोणाबरोबर? एकटा.
बरं किती वाटलं?
दिवसभर चार, चार, तीन, चार,
आणि इथे आठ.

चारशे एकतीस त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर.
व्हिन्नित्साहून आलेली,
इस्पितळात चादरी बदलते,
इथली भाषा अजून काचेच्या भांड्यासारखी धरते.
तिचे चार दहा:
'जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी रोज कांदा परततं.
तिथे मी पावलं हळू टाकते.'
कोणाबरोबर? एकटी.
सात.

बैठकीत त्या गल्लीची रेघ भिंतीवर उमटली,
एकोणचाळीस वह्यांची,
चार वाजून दहा मिनिटांनी किंचित वर,
झोपेत कोणाची भुवई हलावी तशी.
यारेमा म्हणाला, हा आकड्यांतला गोंगाट. काढून टाकू.
गोंगाट. बरोबर बोलला.
चौतीस पायऱ्या, ओले बूट,
कढईत तडतडणारं तेल.

गुप्ततेच्या कागदावर सही माझी आहे.
त्याला सांगता येत नाही पावलं कोणाची,
तिला सांगता येत नाही कांदा कोणाचा.
आणि सांगितलं असतं तर?
नमस्कार सुरू झाले असते, विचारपूस,
मग एखाद्या दिवशी, घाईत, टाळणंही.
कोण जाणे. त्यासाठी वेगळी पाहणी लागेल,
आणि निधी संपलाय.

अहवालात मी एक तळटीप घातली:
'एकटं' या शब्दाची व्याख्या पुन्हा तपासावी.
पान एकाहत्तर, बारीक टाइपात.
कोणी वाचली असेल असं वाटत नाही.

हल्ली आमच्या इमारतीत लिफ्ट चालू असली
तरी मी जिन्यानेच जाते.
तिसऱ्या मजल्यावर एका दाराखाली
उजेडाची पट्टी असते.
तिथे पोचले की पिशवीत किल्ल्या शोधते,
खिशात असतात तरी,
जरा जास्तच वाजवत.