कशी गेली, ते आधी सांग

कशी गेली, ते आधी सांग.
आचके देत, की बोलता बोलता?

आचके देत गेली असेल तर पेट्रोल.
ते घोटाघोटाने संपतं. गाडी खोकते, विनवते,
चढावर दोनदा मान टाकते, मग थांबते.
पण तू म्हणतेस, नेफासीतच्या वरचं तिसरं वळण,
छान तालात चालली होती,
आणि शेजारच्या खोलीतला दिवा कुणी घालवावा
तशी गेली.

मग ती ठिणगी, नत्सनेत.
कार्ब्युरेटरला हात लावू नकोस.
आणि पंपावर हे ओलं फडकं कुणी टाकलं?
बसवाल्याने? वाटलंच.
या घाटात सगळ्यांना तेवढं एकच औषध ठाऊक.

मधली जाड वायर उपस.
रबराला धर, धातूला नको.
टोक लोखंडापासून ज्वारीच्या दाण्याएवढं लांब.
आता खेच स्टार्टर.
पुन्हा.
निळी नाही. पिवळीसुद्धा नाही.
कठड्यावरचं वानर तेवढं दात दाखवतंय.

माझा उस्ताद इटालियन होता.
प्लगला कांदेला म्हणायचा, पॉइंटला पुंतीने.
तो गेला, त्याचं राज्य तर त्याआधीच गेलं होतं,
शब्द मात्र राहिले, डब्याच्या तळाशी
कुठल्याच गाडीला न बसणाऱ्या नटांसारखे.
आम्ही अजून तेच वापरतो.

हा बल्ब, या दोन वायरी, हा चिमटा.
माझी सगळी विद्या एवढीच.
कॉइलच्या या पायावर लाव. पेटला.
त्या पायावर. पेटला.
आता इंजिन फिरव आणि बल्बकडे बघ.
डोळे मिचकावतोय?
नाही. टक लावून बसलाय.
न मिटणारा डोळा बरा नव्हे.
वीज दारापर्यंत येते, आत कुणी घेत नाही.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण. दोन क्लिपा, अंगठ्याने.
पुंतीने स्वच्छ. अंतर ठीक, पोस्टकार्ड जेमतेम जाईल एवढं.
आणि ही बोटभर वायर.
दिसायला धडधाकट, सालीला ओरखडा नाही.
हळूच ओढून बघ.
लांबते ना?
तांबं असं लांबत नसतं.
आत तुटलंय. नुसती साल हात धरून उभी आहे.

साल लाल आहे.

हे पुढचं मी मोठ्याने बोललो नाही.
सरहद्द बंद होती ते वर्ष. सुटे भाग कुठले?
तिचा मामा झेराय रात्री गॅरेजवर आला,
पहाटे त्याला मस्सावा गाठायचं होतं.
मी एक मेलेला रेडिओ फोडला,
त्यातली एक तार काढली, लाल, एकपदरी, ताठ.
इथे हवी असते मऊ, बारीक तारांची.
ताठ तार दर खड्ड्याला जागच्या जागी वाकते,
आणि एक दिवस कंटाळते.
मला माहीत होतं.
‘वर्षभर ढकलेल,’ म्हणालो. ‘मग ये.’
झेराय आला नाही. मीही निरोप धाडला नाही.
डाग अजून तसाच, माझ्या हातचा,
तेव्हाही जरा जास्तच कथील लावायचो.

‘काय सापडलं?’
‘जुनी वायर.’
‘कुणी बसवली असेल?’
‘फोनचा चार्जर आहे का गाडीत?’

तिने दिला. मी पक्कडीने कापला.
आत केसांसारख्या तारा. पीळ दिला, टोकं दाबली.
खालून समुद्राचं धुकं चढत होतं,
गेंदाकडचा रस्ता निम्मा पुसला गेला होता.
तिने कांडी खेचली.
एकदा नुसतीच गुरगुरली.
मग लागली.

‘किती दिवस चालेल, आबो?’

मी इंजिनावर वाकलो,
आवाजात ऐकू येत नाही असं दाखवत.
‘बंद करू नकोस,’ म्हणालो, ‘थेट अस्मारा.
उद्या सकाळी गॅरेजवर आण. नीट करू.
पैशाचं नंतर.’

ती बसवाल्याला दाखवायला ती तुटकी वायर शोधत होती,
सीटखाली, चाकापाशी, गवतात.
मीही शोधू लागलो.
वायर माझ्या खिशात होती.