मेस्त्री, शेपूट धर

होड्या आता फायबरच्या येतात.
साचा एक, होड्या शंभर. वाकाला वाक जुळवायचं काम उरलं नाही.
लतीफ माझ्याकडे आला तेव्हा माझा रंधा
दोन पावसाळे नुसता तेल पिऊन पडला होता.

त्याच्या पिशवीत एक इंजिन.
आमराईतलं गवत कापायच्या मशीनचं, सव्वीस सीसी,
बागवाल्यानं भंगारात काढलेलं.
"याला मी जगवतो," म्हणाला, "तू याला अंग दे."
केवढं अंग?
त्यानं दोन्ही हात पसरले. ते कमी पडले
म्हणून माझा एक घेतला.

बाल्सा पुण्याहून आला. कुरियरचा पोरगा म्हणाला,
खोका रिकामाच दिसतोय, सही करताय ना?
त्यातून बावन्न फासळ्या कापल्या.
मधले खांब मात्र पांगाऱ्याचे, उलांडीचं लाकूड,
माझ्या हाताला तीस वर्षं ओळखणारं.
होडीला पठाण असतो, सगळा भार त्यावर.
याला पठाण नाही. याचा भार
वरच्या नि खालच्या पंखांमधल्या
मोकळ्या जागेत कुठेतरी असतो,
आणि ती जागा तारांनी ताणून धरावी लागते.
तार बोटानं छेडायची.
भद्द वाजली तर आणखी अर्धा पीळ.

शेपूट जड निघालं.
पंखाखाली एकेक बोट लावून दोघांनी उचललं
तर मागे बसलं, चरून आलेल्या म्हशीसारखं.
लतीफनं मेव्हण्याच्या जुन्या जाळ्यातलं शिसं सोडवलं,
अकरा गोळ्या नाकात भरल्या.
तेव्हा कुठे ते बोटांवर थांबलं,
भरती संपून ओहोटी लागायच्या आधी
खाडी घटकाभर थांबते तसं.

माघातली सकाळ. मतलई सुटलेली.
सड्यावरचं गवत पिवळं, कातळ अजून गार.
प्रेक्षक एकच, गुरांमागे आलेला बाब्या.
"आत कोण बसणार?"
"कोण नाय."
"मग हे कशाला?"
उत्तर नव्हतं, म्हणून लतीफनं पंखा फिरवला.
सात वेळा नुसतं खोकलं.
आठव्यांदा गवताच्या मशीनचा तोच जुना कोकलणारा आवाज,
फक्त कापल्या गवताचा वास नाही.

"मेस्त्री, शेपूट धर."
धरलं. माझा प्रत्येक सांधा
मला तळहातात वेगवेगळा कळत होता.
"सोड."

वीस-पंचवीस पावलांत चाकं कातळ विसरली.
वर गेल्यावर ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटायला लागलं.
सड्यावर एक मासा कोरलेला आहे,
कुणी, कधी, कुणाला ठाऊक.
शेजारी उभं राहिलं तर नुसते चर दिसतात.
त्या चरांवरून दोन पंखांची सावली गेली.
अख्खा मासा त्या घडीला कुणाला दिसला असेल
तर त्या रिकाम्या बैठकीला.

मग आवाज तुटला.

समोरून येणाऱ्या विमानाचं डावं म्हणजे आपलं उजवं,
महिनाभर लतीफ मला हे शिकवत होता.
आता रिमोटवर त्याचाच अंगठा अडला.
मी ओरडलो, "बंद इंजिनाची होडी धक्क्याला लावतोस ना,
तशी आण!"
आणली. शेवटचे दोन हात
आणली नाही, पडली.

खालचा डावा पंख, एक चाक, चार फासळ्या, पंख्याचं एक पातं.
बाब्या सगळ्यांच्या आधी पोचला
आणि आत डोकावला.
कुणी नाही हे माहीत असूनही डोकावला.

टाकी फुटून तेलाचे शिंतोडे माशाच्या डोळ्यापर्यंत गेलेले.
लतीफ गुडघ्यांवर बसला, खिशातलं फडकं काढलं,
एकेक चर पुसत राहिला.
इंजिनाकडे त्यानं बघितलंही नाही.
मी वाऱ्यानं जायच्या आधी तुकडे वेचले, मोजले.
अठ्ठेचाळीस शाबूत आहेत.