किल्ली देताना

ही घ्या किल्ली. दार जरा वर उचलून ढकलायचं.
वादळात चौकट तिरकी झालीय.
सुतार येतो म्हणालाय. दोन वर्षं म्हणतोय.

बसा. आधी पाण्याचं सांगते.
कॅरियाकूला नदी नाही, विहिरी मचूळ.
छपरावर पडेल ते पन्हळीतून टाकीत
आणि टाकीतून तुमच्या नळाला.
म्हणजे उद्या सकाळी जे डोक्यावर ओताल
तो गेल्या नोव्हेंबरातला एक मंगळवार असेल.
मला आठवतो तो. रात्रभर कोसळत होता.
बादलीत घ्या, जपून घ्या.

दुकानात शिरल्या शिरल्या "पाव आहे का" विचारू नका.
आधी गुड मॉर्निंग. दुपार टळली असेल तर गुड आफ्टरनून.
समोर कुणी दिसलं नाही तरी म्हणायचं,
मागे कुणीतरी असतंच, ऐकत.
एक जर्मन गृहस्थ तीन दिवस बिनपावाचे राहिले इथे.
पाव काचेतच होता.

हिल्सबरोहून येताना कॉस्मसची बस धरा, निळी.
उतरायचं असलं की पत्र्यावर ठोका,
भिडस्तासारखं टकटक नको, चांगलं दणकून,
त्याचा डावा कान गेलाय आणि उजव्यात गाणं असतं.
सुटे पैसे जवळ ठेवा.
कार्डाचं यंत्र आहे बाजारात एक. त्याची तब्येत विचारून मग जा.

लष्करी ठिपक्यांची पँट आणली असेल
तर बॅगेच्या तळाशीच राहू द्या. कायदा आहे,
आमचा हवालदार तसा गरीब, पण त्याला दुसरं काम नाही.

किनाऱ्यावर ज्या झाडांना लाल पट्टा ओढलाय
त्यांच्या सावलीला जायचं नाही. पाऊस आला तर मुळीच नाही.
फळ हिरवं, लहान सफरचंदाएवढं, वासाला गोड.
माझा भाऊ ऑगस्टीन, आठ वर्षांचा,
सरीतून पळत नेमका त्याच्याच खाली थांबला.
पाठ आठवडाभर भाजल्यासारखी.
सगळ्याच झाडांना पट्टा नसतो, हेही सांगून ठेवते.
रंग संपला होता.

आज रात्री माझ्याकडेच जेवा.
नीरफणस, खारवलेलं मांस, अळूसारखी पानं,
नारळाचं दूध आटेपर्यंत एकाच भांड्यात.
हा पिवळा रंग केशराचा.
हसलात का?
तुमच्याकडे काय म्हणतात हिला?
हळद.
हळद. बरं. आम्ही केशरच म्हणणार.

आणखी एक. विंडवर्डच्या रस्त्याला
बिनछपराची घरं दिसतील, निळं प्लास्टिक ताणलेली.
फोटो काढू नका. आत माणसं असतात.
वादळाचं आपण होऊन विचारू नका कुणाला,
पण कुणी सांगायला लागलं
तर घड्याळाकडे बघू नका.
मी? माझं नंतर कधीतरी.
हे छप्पर केनरिकने ब्रुकलिनहून पैसे पाठवले त्याचं.
तो अजून बघायला आलेला नाही.

बोटीची वेळ धक्क्यावरच्या पाटीवर आहे.
पाटी मनावर घेऊ नका, अर्धा तास आधी जा,
मागच्या बाजूला बसा, आल्याचा तुकडा चघळत.
वाटेत पाण्याखाली ज्वालामुखी आहे,
बोट त्याला वळसा घालून जाते.
पोट ढवळलं तर दोष त्याला द्या, माझ्या जेवणाला नको.

उरलेलं डासांचं मलम, साबण, ठेवून जा,
इथे बोटीने येतं सगळं, महाग पडतं.

आणि रात्री छपरावर खुडबुड ऐकू आली
तर ती मी असेन. शिडीवर.
ढग दिसला की पन्हळीतली पानं काढावी लागतात,
नाहीतर पाणी सगळं अंगणात.
तुम्ही झोपा. पैसे दिलेत झोपायचे.
पण जाग आलीच,
तर दाराशी बॅटरी टांगलीय.
येताना घेऊन या,
आणि शिडीचा पाय धरा.