सूक्ष्म नियोजन आराखडा, दिघा

रकाना पहिला : वस्तीचे नाव.
इथेच पेन अडलं.
महापालिकेच्या नकाशात इलठणपाड्याच्या वर
नुसता हिरवा रंग आहे.
त्या हिरव्यात सत्तेचाळीस झोपड्या,
एक पिठाची गिरणी, एक रिचार्जवाला,
आणि बंद पडलेल्या खाणीचा खड्डा,
ज्यात पाणी इतकं निवांत बसलेलं
की घाई फक्त डासांना.

आशाताई म्हणाली, लिहा, वरची खाण.
खालचे तसं म्हणतात. वरचे स्वतःला दिघा म्हणतात.
रेशन कार्डावर तिसरंच काहीतरी.
मी पेन्सिलीने लिहिलं.

रकाना दुसरा : एक ते पंधरा वर्षे, एकूण बालके.
जन्मतारीख विचारली तर बायका हसल्या.
ही नोटा बंद झाल्या तेव्हाची.
हा टाळेबंदीत, चालत गावाला निघालो होतो,
मोहोळच्या अलीकडे, रस्त्यावर.
आणि हा मोठा? हा तिच्याहून मोठा, बस.

सोमवारच्या बैठकीत तडवी मॅडमनी फळ्यावर काढलं :
बगळा, डुक्कर, डास, पोर. मध्ये बाण.
बगळ्याला काही होत नाही, म्हणाल्या,
डुकराला काही होत नाही,
डासाला तर नाहीच.
आणि खडू ठेवून हात झटकला.

डुकरं कुणाची, विचारलं वस्तीत.
कुणाचीच नाहीत, सगळे म्हणाले.
संध्याकाळी एका बाईने उंबऱ्यातून हाक मारली, राणीऽ,
आणि कुणाचीच नसलेली एक
कान हलवत घरी गेली.

रकाना पाचवा, सहावा, सातवा :
गाडी शेवटच्या नळापर्यंत. पुढे पायऱ्या.
पेटीत बर्फाच्या चार वड्या.
त्या आधी बाहेर ठेवायच्या, हलवून कानाशी धरायच्या,
आत पाणी बोललं की भरायच्या.
कुपीवरचा चौकोन वर्तुळाएवढा काळा झाला
की ती कुपी गेली, वाद घालायचा नाही.
डाव्या करंगळीला शाई. दारावर खडूची खूण.
कुणी नाही म्हणालं तर भांडायचं नाही,
दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं, पाणी मागायचं, बसायचं.

एकतिसावं घर दुर्गव्वाचं.
पोरं किती?
चार.
मी मान वळवून मोजली. तीन.
आशाताईने माझ्या पायावर पाय ठेवला.
नंतर पायऱ्या उतरताना म्हणाली,
सायबण्णा. नऊ वर्षांचा. गेल्या नवरात्रात
चार दिवस ताप, पाचव्या दिवशी झटके.
कळव्याला नेला तेव्हा डोळे उघडे होते,
ओळखत कुणाला नव्हता.
कागदावर काय लिहिलं, विचारलं मी.
ताप, म्हणाली.

आता रात्रीचे साडेदहा. आरोग्य केंद्रात मी,
शीतकपाटाची घरघर आणि कॅल्क्युलेटर.
एकशे सत्तावीस बालके. दहा टक्के वाया जाणार, हे धरायचंच असतं.
एकशे चाळीस डोस. कुपीत पाच.
अठ्ठावीस कुप्या, अगदी काटेकोर, थेंब इकडेतिकडे नाही.
उगाच पुन्हा केलं. एकशे अठ्ठावीस.
एकशे एक्केचाळीस डोस.
एकोणतीस कुप्या.

कितीतरी वेळ बघत बसले.
नसलेल्या एका पोरासाठी
शासन आख्खी कुपी द्यायला तयार आहे,
बेरीज तेवढी तशी करायची.

भांडारात खोपडे विचारतीलच,
मॅडम, अठ्ठावीसात भागत होतं की.
खोपडे, सत्राच्या शेवटच्या तासाला
यादीत नसलेली पोरं येतात.
मावशीकडे राहायला आलेली,
कालच ट्रकमधून उतरलेली,
शेजारणीचा हात धरून, नाव न सांगणारी.
दर वेळी येतात.
त्यांना कुठल्या रकान्यातून देऊ?

एकशे अठ्ठावीस. पेनने.

शेरा : वरच्या खाणीच्या पायऱ्यांना कठडा नाही.
पेटी डोंगराच्या बाजूच्या खांद्याला घ्यावी.
पाणी पिण्याचे स्वतःचे न्यावे,
पण त्यांनी दिले तर प्यावे.